वहिनीच्या कुत्र्याला लावलेला बिब्बा

वहिनीच्या कुत्र्याची जखम निंबोळीच्या तेलाने भरत आली होती. त्या भरत आलेल्या जखमेवर बिब्बा मी लावला. तिला न विचारता लावला. त्यामुळे कुत्र्याचं तोंड सुजलं, लाळ गळायला लागली, सगळं गाव त्याला पिसाळलेलं म्हणायला लागलं आणि वहिनीला पोटात सुया टोचून घ्यायला बुलढाण्याला जावं लागलं. तेव्हाही मी गप्प बसलो. खरं काय झालंय ते ठाऊक असलेला गावात मी एकटाच होतो.

हे लिहू नको, असं घरच्यांचं म्हणणं आहे. कुत्र्यापायी कुणी आपल्याच तोंडाला काळं फासून घेतं का, असं विचारतात. मी लिहिणार आहे. कुत्र्यापायी म्हणजे नक्की कशापायी, ते कुणी ऐकूनच घेतलं नाही, म्हणून लिहिणार आहे.

देऊळघाटात आमचा तेलाचा घाणा होता. वडिलांच्या मागे मोठा भाऊ आणि मी तो चालवत होतो. तीळ, करडई, जवस हे खाण्याचं. निंबोळी आणि करंज हे जनावरांचं आणि दिव्याचं. करंजाच्या बिया मेहकरच्या बाजारातून यायच्या, निंबोळ्या गावातल्या बायका वेचून आणायच्या. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. पत्र्याच्या डब्यातलं मिलचं तेल नुकतंच दुकानात दिसायला लागलं होतं आणि घाण्याचा बैल दिवसातला अर्धा वेळ उभा राहायला लागला होता. त्याच सुमारास भाऊ वारला.

भावाच्या वाट्याचं शेत पैनगंगेच्या काठाला होतं. तो असतानाच त्या दोघांनी तिथे दोन खोल्यांचं मातीचं घर बांधलं होतं, सुगीत राहायला म्हणून. वहिनीला मूलबाळ नव्हतं. दिवसकार्य झालं आणि तिने आपली भांडी एका घमेल्यात भरली, डोक्यावर घेतली आणि शेतावर राहायला गेली. कुणाशी भांडली नाही. विचारलंही नाही.

आमचे काका, वडिलांचे धाकटे भाऊ, तेव्हा घरातले कर्ते होते. ते मला सोबत घेऊन शेतावर गेले. तिला अंगणातूनच म्हणाले, "बाईमानसानं एकटं रानात राह्यचं म्हणजे काय? लोकं हासून राह्यले आपल्याले."

वहिनी चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "हासू द्या ना मामाजी," ती आतून म्हणाली. "हासल्यानं काही कोणाचं पीक जळत नाई."

काकांना लोकांच्या हसण्याचं काही नव्हतं. वहिनी घरी आली की ते शेत मी कसायचं, असं त्यांनी मनात धरलं होतं. घाणा बुडत चालला होता आणि माझ्या वाट्याचं शेत मुरमाड होतं. मी त्यांना कधी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही. परत येताना वहिनीच्या काळ्याभोर जमिनीतून चपला हातात घेऊन चालत होतो आणि ती माती पायाला फार बरी वाटत होती, एवढं मला आठवतं.

ती तिथे राहू शकली ते कुत्र्याच्या जिवावर. नदीच्या झुडपात रानडुकरं होती, आणि बांधावरून येणारे-जाणारे सगळेच काही वाट चुकलेले नसायचे. कुत्रं काळं, छातीवर पांढरा पट्टा, एक कान अर्धा तुटलेला. तिने त्याला नाव ठेवलं नव्हतं. "ये रे" म्हटलं की यायचं, "बस्स" म्हटलं की बसायचं. बांधावर परक्याचा पाय पडला की असं उठायचं की माणूस आपणहून लांबून नमस्कार करायचा. काका एकदा म्हणाले होते, "त्या कुत्र्यानं तिचं डोकं फिरवलं. थे नसतं तं कधीचीच घरी आली असती." म्हणाले ते खरंच होतं.

भाद्रपदात रानडुकराने त्याची बरगडी फाडली. सुळा खोल गेला नव्हता, पण वीतभर लांब कातडी उघडी पडली होती. वहिनी दुसऱ्या दिवशी रिकामी बाटली घेऊन घाण्यावर आली.

"भाऊजी, निंबोईचं तेल द्या. अन् तुमीबी चला. मले एकटीले धरता येत नाई त्याले."

मी गेलो. जनावरांच्या जखमा मी बापाच्या हाताखाली पाहिल्या होत्या. वहिनीने त्याचं डोकं मांडीवर दाबून धरलं, मी जखमेभोवतीचे केस कापले, उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुतली, अळ्या पडल्या होत्या त्या एक-एक करून काढल्या. मग कापसाच्या बोळ्याने निंबोळीचं तेल लावलं, कडांना आणि भोवतालच्या कातडीला. पातळ. तेल थापलं की आत ओल राहते आणि जखम सडते. हे मला माहीत होतं.

निंबोळीच्या तेलाचे दोन गुण कुत्र्याला उपयोगी पडतात. एक म्हणजे त्या वासाला माशी बसत नाही. दुसरा म्हणजे ते कडूजहर असतं. कुत्र्याची सवय अशी, की जखम दिसली की ती चाटून-चाटून पुन्हा उघडी करायची. यानेही एकदा चाटलं, मग शिंकलं, डोकं झटकलं आणि वहिनीकडे असं पाहिलं, की ती हसत सुटली. "काऊन रे, गोड नाई लागलं?" परत चाटलं नाही. काही दिवसांनी कडा सुकून ताणायला लागल्या, तेव्हा तिथे थोडं खोबरेल लावायला सुरुवात केली. आतून लाल, स्वच्छ मांस भरत होतं. सावकाश, पण भरत होतं.

"याच्या अंगाले तुमच्या घाण्याचा वास येऊन राह्यला भाऊजी," वहिनी म्हणाली. "आता डुकरं वासानंच पळतीन." भाऊ गेल्यापासून ती माझ्याशी हसून बोलली ती तेव्हा. मीही रोज जायला लागलो होतो. ते दिवस बरे होते. म्हणूनच पुढचं सांगताना मला स्वतःची चीड येते.

घाण्यावर ढेप, म्हणजे तेल काढल्यावर उरलेली पेंड, न्यायला येणाऱ्यांत एक शेतकरी होता, तोंडाचा फटकळ. त्याने मला बाटली घेऊन निघताना पाहिलं.

"काय घाणेवाले, कुत्र्याचं बायंतपण झालं नाई का अजून?"

"भरून राह्यली जखम," मी म्हणालो.

"भरून राह्यली! माह्या बैलाचा खूर चिरला होता. एक बिब्बा लावला, अन् परवाच्या दिशी औताले जुपला. तुमचं निंबोईचं तेल म्हणजे निस्ता वास बाप्पा!"

काका बाजेवर बसले होते. तेही हसले. "मिलचं तेल आलं तवापासून घाण्याले कुत्र्याचंच गिऱ्हाईक उरलं," ते म्हणाले. ढेप न्यायला आलेले सगळे हसले. मीही हसलो. पण ते लागलं.

बिब्बा आमच्याकडे घरोघर असतो. काळं, चपटं, काजूच्या भावकीतलं फळ. सुईला टोचून दिव्याच्या ज्योतीवर धरलं की त्यातून काळं तेल ठिबकतं. शेतकऱ्याच्या टाचेची भेग, काट्याचं कुरूप, बैलाचा खूर, सगळ्यावर तेच. मात्र ते तेल एखाद्याला सोसत नाही. अंगाला लागलं की कातडी फुगते, पाणी सुटतं, आग-आग होते. बिब्बा उतला, म्हणतात. आमच्या घराण्यात तो कुणालाच उतत नाही. माझ्या वडिलांनी तो नागव्या बोटाने लावला, मीही तसाच लावत आलो. त्यामुळे बिब्बा उतणं म्हणजे दुसऱ्यांच्या घरची गोष्ट, अशी माझी समजूत होती. आणि बैलाच्या खुराला जे चालतं ते कुत्र्याच्या कातडीला का चालू नये, हे मी स्वतःला विचारलंच नाही. तेलातलं मला कळतं, ही गुर्मी होती.

मी बिब्बे तापवून एका शिंपल्यात तेल काढलं आणि शेतावर गेलो. वहिनी पलीकडच्या टोकाला तिळात निंदत होती. तिला हाक मारली नाही. मारली असती तर ती नको म्हणाली असती, हे मला माहीत होतं. कुत्र्याने मला पाहून शेपूट हलवली आणि सवयीने कुशीवर पडलं. मी अंगठ्याने भरत आलेल्या जखमेवर बिब्ब्याचं तेल फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ते किंचाळून उठलं. मी त्याला दटावलं, पुन्हा पाडलं आणि राहिलेलं तेलही संपवलं. मग काळं दिसू नये म्हणून वरून निंबोळीचं तेल लावलं.

वरून तेल कशाला लावलं, असं मला कुणी विचारलेलं नाही. विचारण्याआधीच सांगतो. वहिनीला दिसू नये म्हणून लावलं. म्हणजे आपण काहीतरी लपवण्यासारखं करतोय हे हातांना कळत होतं.

आग इतकी होत असणार, की कडू तेलाची पर्वा न करता ते जखम चाटत सुटलं. दुसऱ्या दिवशी वहिनीने पाहिलं तेव्हा बरगडीची कातडी काळीनिळी फुगली होती आणि बिब्बा जिभेला, ओठांना लागून सगळं थोबाड सुजलं होतं. लाळेच्या तारा लोंबत होत्या. पाणी पुढे ठेवलं तर तोंड लावून मागे सरे, पुन्हा कण्हे. वहिनी जबडा उघडून पाहायला गेली तर त्याने तिच्या तळहातावर दात मारले.

बांधावरून जाणाऱ्या एका गड्याने ते पाहिलं. तो घाण्यावर येईपर्यंत गावात बातमी झाली होती: लाळ गळते, पाणी पीत नाही, मालकिणीला चावलं. कुत्रं पिसाळलं.

मी घाण्यापाशी उभा होतो. "नाही, त्याला बिब्बा उतलाय," एवढंच म्हणायचं होतं. तोंडात आलंही होतं. पण ढेपवाला शेतकरी समोर होता. घाणेवाल्याला बिब्बा समजला नाही, हे त्याच्यापुढे बोलायला माझी जीभ उचलली नाही. म्हटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी काका म्हणाले, "चला, सुटला प्रश्न. कुत्रं मेलं की ती काही रानात राह्यत नाई." मी तेव्हाही बोललो नाही. आणि आता मात्र कारण शेतकरी नव्हता. वहिनीच्या काळ्या मातीतून मी अनवाणी चाललो होतो, ते माझ्या डोळ्यांपुढे आलं. हे मी कुणालाही, कधीही सांगितलं नव्हतं.

वहिनी एस.टी.ने बुलढाण्याला गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, सुया आजपासून सुरू करू, कुत्रं मात्र मारू नका. बांधून ठेवा, रोज पाहा. पिसाळलेलं असलं तर थोड्याच दिवसांत आपसूक मरेल. जगलं-वाचलं तर सुया थांबवता येतील. वहिनीने येऊन हे काकांना सांगितलं आणि म्हणाली, "मामाजी, त्याले कोणी हात लावाचा नाई. मी साखळीनं बांधलं हाय. मेलं तं मी पुरीन, जगलं तं मी पोसीन."

ती रोज सकाळच्या गाडीने जायची आणि दुपारच्या गाडीने यायची. ती पोट धरून गाडीतून उतरायची. एकदा मी स्टँडवर होतो. मला पाहून म्हणाली, "तुमच्या तेलानं एवढी चांगली जखम भरत आलती भाऊजी. काय झालं असन हो त्याले?" मी म्हणालो, "काय माहीत वैनी." या तीन शब्दांपेक्षा वाईट असं मी आयुष्यात काही बोललेलो नाही.

मग एका सकाळी, तिची गाडी गेली आणि काका उठले. "चला बे," म्हणाले. ढेपवाला होता, तो गडी होता, आणखी काहीजण होते. हातात काठ्या, एकाकडे दोरीचा फास. कुणाच्या मनात फार राग होता असं नाही. पिसाळलेलं कुत्रं गावच्या शिवेत ठेवत नाहीत, एवढंच. मीही निघालो. काठी घेतली नव्हती, पण निघालो होतो.

कुत्रं गोठ्याच्या मेढीला बांधलेलं होतं. माणसं पाहून ते उठलं. सुजलेल्या तोंडाने गुरगुरता येईना, तसा एक घोगरा आवाज काढला. फासवाला पुढे झाला. आणि माझे पाय त्याच्या पुढे गेले. ठरवून गेलो, असं मी म्हणणार नाही. पण एकदा गेल्यावर मात्र मागे फिरायचं नाही हे ठरलं. मी कुत्र्याशेजारी शेणाच्या जमिनीवर बसलो, त्याची मान धरली आणि डोकं मांडीवर घेतलं.

"उठ बे तिथून!" काका ओरडले. "मरतं काय?"

"हे पिसायलं नाई काका. मी बिब्बा लावला याले. जखमेवर लावला, यानं चाटला, अन् तोंडात उतला."

फासवाला थबकला. मग ढेपवाला हसला. "घाणेवाल्यानं कुत्र्याले बिब्बा लावला? अन् तेलातलं तुमाले समजते म्हन्ता?"

"नाई समजलं मले," मी म्हणालो. "हास तू. पोटभर हास. पण आता कोणी पुढं येऊ नका."

"अन् पिसायलेलं असलं तं?" गडी म्हणाला.

"तं मले चावन. माह्या मांडीवरच हाय न."

माझा हात त्याच्या ओठांपाशी होता आणि त्याची लाळ माझ्या मनगटावरून गळत होती. मी पाणी मागितलं. कुणी हललं नाही, तेव्हा फासवाल्यानेच फास टाकून रांजणातून वाटी भरून आणली आणि लांबून ढकलली. मी वाटी त्याच्या तोंडापाशी तिरपी धरली. ते कण्हलं. मग जिभेला लागू न देता एका बाजूने थोडं-थोडं ओढायला लागलं. सगळ्यांनी पाहिलं. पिसाळलेलं कुत्रं असं पाणी पीत नाही, हे शिवारातल्या पोरालाही माहीत असतं.

काका जवळ आले, वाकले आणि हळू आवाजात मला म्हणाले, "येडा झाला का तू? आपसूक होऊन राह्यलं होतं. बाई घरी आली असती, शेत हातात आलं असतं. गप बसाले काय जात होतं तुले?"

"वैनीच्या पोटात सुया जाऊन राह्यल्या, काका."

"जाऊ दे ना. सुयानं कोणी मरत नाई."

"मी इथून उठत नाई," मी म्हणालो. "तुमाले घराबाहेर काढाचं असन तं काढा. घाणा घ्या. पण याले हात लावला तं आधी मले लावा लागन."

मी आयुष्यात काकांपुढे तोंड उघडलं ते त्या दिवशी. ते गेले. त्यांच्या मागोमाग सगळे गेले. ढेपवाला जाताना म्हणाला, "राह्यला तं राह्यला. बिब्बा उतरवाले खोबरं लाव लेका, तीळ वाटून लाव." हे मला माहीत होतं. त्याच्याकडून ऐकून घेतलं.

मी वहिनीच्या घरातूनच खोबऱ्याची वाटी घेतली, तीळ घेतले, पाट्यावर वाटले. आधी सगळं जुनं तेल कोमट पाण्याने धुऊन काढलं. वाटलेले तीळ-खोबरं बरगडीवर लावलं. तोंडाला नुसतं खोबरेल, बोटाने, ओठांच्या आतून. आता त्याने चाटलं तरी चालणार होतं, उलट चाटावं असंच वाटत होतं. ते थरथरत होतं. मला चावलं नाही.

वहिनी दुपारी आली. स्टँडवरच तिला कुणीतरी सगळं सांगितलं असणार, कारण तिने मला काही विचारलं नाही. गोठ्याच्या दारात उभी राहून तिने आधी कुत्र्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे.

"हात धुऊन घ्या," म्हणाली. "अन् उद्या येतानी खोबरेल आना. इथलं सरलं."

त्यापलीकडे ती माझ्याशी बोलली नाही. मी रोज गेलो. ती कुत्र्याचं डोकं धरायची, मी धुवायचो, लावायचो. बोलायची ते कुत्र्याशी. "बस्स. झालं आता. झालं रे." मला फक्त "पाणी", "कापूस", "झालं". आग थांबल्यावर, सूज उतरल्यावर मी पुन्हा निंबोळीच्या तेलावर आलो, पहिल्यासारखं, पातळ, आणि जखमेला तिच्या चालीने भरू दिलं. मधे एकदा पू झाला, एकदा कड पुन्हा उघडली. घाई मी केली नाही.

गावात टिंगल झाली. माणसं घाण्यावर येऊन म्हणायची, "काय, आज कुत्र्याले काय, करडईचं का जवसाचं?" मी म्हणायचो, "खोबरेल. तुमच्या पोराले खरूज झाली होती तवा मागून नेलं होतं ना, थेच." बाटली धोतराच्या सोग्यात लपवून न्यायचं मी सोडलं. भर रस्त्याने, हातात धरून न्यायचो. कुत्र्याच्या जखमेला तेल लावणं हे हलकं काम, असं ज्यांना वाटतं त्यांना वाटू दे. मुक्या जनावराला आपण काय लावतोय ते विचारता येत नाही. त्याने कुशीवर पडून आपल्या हातावर विश्वास टाकलेला असतो. तिथे चुकणारा हात माणसाच्या बाबतीतही चुकेल. माझा चुकलाच.

कुत्रं खायला लागलं, भुंकायला लागलं. डॉक्टरांनी वहिनीच्या सुया थांबवल्या. बरगडीवर वीतभर जागा केसांविना राहिली, तेवढीच.

आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. लोक मला चांगलं म्हणायला लागले. भरल्या गोठ्यात काकांपुढे कसा उभा राहिला, कुत्र्याचं डोकं मांडीवर कसं घेतलं. तो गडी तर रंगवून सांगायचा. ते ऐकताना मला बरं वाटायचं आणि लगेच मी तिथून उठून जायचो. कारण मी गावापुढे बोललो होतो. जिच्या पोटात सुया गेल्या तिच्यापुढे एक शब्द बोललो नव्हतो. आणि गावापुढेही अर्धंच बोललो होतो. बिब्बा सांगितला. तो लपवला, हे नाही सांगितलं. गप्प का बसलो, असं कुणी विचारलं तर लाज वाटली म्हणून, एवढंच सांगायचो.

लोकांना वाटतं एकदा चारचौघांत कबूल केलं की हिशेब मिटला. मी सांगतो, मिटत नाही. चारचौघांत कबूल करताना छाती थोडी फुगलेली असते. माफी मागायची तर ज्याचं वाईट केलं त्याच्यापुढे एकटं जावं लागतं, आणि तिथे टाळ्या वाजवायला कुणी नसतं.

तिळाची सुगी होती. वहिनी शेतात कापड अंथरून पेंढ्या उलट्या धरून झटकत होती. तीळ पावसासारखे पडत होते. कुत्रं कापडाच्या कडेला पसरलं होतं, माशी आली की तेवढ्यापुरता कान हलवत. मी बाटली घेऊन आलो होतो, पण आता लावायला जखम उरली नव्हती. वहिनीने पाहिलं आणि म्हणाली, "आता कायले आनली? झालं ना त्याचं."

"तेल द्याले नाई आलो वैनी."

"मंग?"

मी कापडाच्या कडेला बसलो. तिने झटकणं थांबवलं नाही. मला ते बरंच वाटलं. थांबून तिने माझ्याकडे पाहिलं असतं, तर मी पुन्हा अर्धंच बोललो असतो.

"वैनी, बिब्बा लावला तवा तुमी तिळात होत्या. मी मुद्दाम हाक नाई मारली. अन् वरतून निंबोईचं तेल लावलं, तुमाले दिसू नये म्हून. कुत्रं पिसायलं म्हन्त होते तवा मले माहीत होतं. स्टँडवर तुमी विचारलं, तवाबी माहीत होतं. लाज वाटली म्हून बोललो नाई, असं मी लोकायले सांगतो. थे अर्धंच खरं हाय. कुत्रं मेलं तं तुमी घरी यासाल अन् हे शेत माह्याकडं येईन, हे मले दिसत होतं. म्हून गप बसलो. तुमच्या पोटात सुया जाऊन राह्यल्या होत्या अन् मी शेत पाह्यत होतो. माह्यं चुकलं, वैनी. तुमचं मी वाईट केलं. मले माफ करा."